एकोणतीसचा पाढा

मला देवाशी बोलायला आवाज लागत नाही. शाहूपुरीतल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत हे वाक्य मी एकदा बोलून गेले आणि त्याचा मनस्ताप मला चार वर्षं पुरला.

माझं लहानपण जुन्या दगडी चर्चमधलं. तिथं सगळं छापील असायचं. पाळकांनी एक ओळ वाचायची, लोकांनी पुढची म्हणायची, उभं कधी राहायचं आणि बसायचं कधी हेसुद्धा पुस्तकात लिहिलेलं. मला त्यातलं आवडायचं ते उपासना सुरू होण्याआधीची दहा मिनिटं. वडील मला घेऊन मुद्दाम लवकर जायचे. बाकावर बसायचं, डोळे मिटायचे, कुणी काही बोलायचं नाही. तुम्ही काय मागता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, मागत नाही, नुसता बसतो. मला ते तेव्हा कळलं नाही, पण जमलं मात्र लगेच. पुढं शाळेत शिक्षिका झाले, लग्न झालं, तरी ते बसणं सुटलं नाही. सकाळी कुकर चढवला की शिट्ट्या होईपर्यंत मी गॅसपाशी गप्प उभी असायचे, त्यालाही मी बसणंच म्हणायचे. मनात धड शब्दही नसायचे, पण कुणीतरी ऐकतंय एवढी खात्री असायची. माझं स्वतःचं म्हणावं असं माझ्याकडं तेवढंच होतं.

नवीन मंडळीत आम्ही गेलो ते नवऱ्याच्या अपघातानंतर. कागलच्या एमआयडीसीत यंत्रात त्यांचा उजवा हात सापडला, दोन बोटं गेली, चार महिने घरी होते. जुन्या चर्चची माणसं एकदा येऊन भेटून गेली. या मंडळीची माणसं मात्र रोज यायची. कुणी डबा आणायचं, कुणी मोटारसायकलवर बसवून ड्रेसिंगला न्यायचं, कुणी नुसतं गप्पा मारत बसायचं. ही माणसं वाईट आहेत असं मी आजही म्हणणार नाही. वाईट असती तर सोपं झालं असतं, सरळ सोडून आले असते.

मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानावर एक हॉल आहे, तिथं ही मंडळी भरते. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कीबोर्ड, माणसाएवढे दोन स्पीकर. पास्टर तिशीतले, बाहेरगावचे, बोलायला गोड. पहिल्याच रविवारी त्यांनी सांगितलं की इथं पुस्तक नाही, साचा नाही, आत्मा जसा नेईल तशी ज्यानं त्यानं प्रार्थना करावी. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याकडं वळून हसले. मग प्रार्थना सुरू झाली. शंभरेक माणसं उभी राहिली, हात वर गेले आणि सगळी एकदम मोठमोठ्यानं बोलायला लागली. वीस मिनिटं. शब्द ज्याचे त्याचे होते म्हणे, पण सूर एक, डोलणं एक, आणि गळा भरून यायची जागासुद्धा एकच. महिन्याभरात माझा नवराही तसाच बोलायला लागला. घरी 'मीठ कुठं हाय?' म्हणणारा माणूस तिथं 'हे स्वर्गीय पित्या, तुझ्या समर्थ चरणांपाशी' असलं काहीतरी म्हणायचा, तेही पास्टरांच्या हेलात. जुन्या चर्चमध्ये निदान साचा छापून हातात तरी द्यायचे.

मी त्या गदारोळात तोंड मिटून उभी राहायचे. गोंगाटाचा मला त्रास नव्हता. रोज साठ पोरांच्या वर्गात उभी राहते, गोंगाटात मन लावायची सवय आहे. पण आमच्या रांगेतल्या बायकांच्या ते डोळ्यांवर आलं. कागलकडची एक म्हातारी माझ्या शेजारी बसायची. ती एकदा सगळ्यांच्या देखत म्हणाली, "बाई, शाळंत पोरांवर तर वराडता की. मग देवाफुडं तोंडाला कुलूप हाय व्हय?" सगळ्या हसल्या, मीही हसले. मग बायकांच्या गुरुवारच्या सभेत पास्टरांच्या पत्नीनं तेच गंभीरपणे विचारलं, आणि मी ते आवाज लागत नाहीचं वाक्य बोलून गेले.

पास्टरांची पत्नी म्हणाली की हा गर्व आहे, आपण इतरांपेक्षा वेगळ्या आहोत असं वाटणं हीच सैतानाची पहिली पायरी. आणि मग जे झालं ते आठवलं की आजही माझे कान तापतात. मला मुक्या आत्म्यानं धरलंय असं त्यांचं ठरलं. खोलीच्या मधोमध खुर्ची ठेवून मला बसवलं, कपाळाला तेल लावलं, डोक्यावर सात हात आले आणि त्या मुक्या आत्म्याला हाकलायची प्रार्थना सुरू झाली. माझा आवाज शाळेत दुसऱ्या मजल्यावरून मैदानापर्यंत जातो. मला आधी हसू आलं, मग इतका संताप आला की रडू फुटलं. रडताना बघून त्यांना वाटलं, आत्मा निघाला. पुढच्या रविवारी मी पुन्हा तोंड मिटूनच उभी होते, तेव्हा त्यांची फार निराशा झाली.

मी पास्टरांना भेटले. मी विचारलं, दार लावून एकांतात प्रार्थना करावी असं बायबलच्या वचनातच आहे ना? ते हसले, जसं आपण शिकवणीला नवीन आलेल्या मुलाकडं बघून हसतो तसं. "ते घरासाठी, सिस्टर. मंडळीत एकमत दिसलं पाहिजे." दिसलं पाहिजे, एवढंच माझ्या लक्षात राहिलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी मंडळीचे नवे वडील नेमायचं ठरलं. वडील म्हणजे मंडळीचा कारभार बघणारी पाच जाणती माणसं. रविवारी ती पुढं लोकांकडं तोंड करून बसतात. माझ्या नवऱ्याचं नाव पक्कं होतं, पण पास्टरांनी त्यांना बोलावून सांगितलं की वडिलांचं घर आधी एका सुरात पाहिजे. संध्याकाळी ते घरी आले आणि चहाचा कप तीन बोटांत धरून कितीतरी वेळ बसले. त्यांना ते किती हवं होतं ते मला ठाऊक होतं. अपघातानंतर कंपनीनं त्यांना यंत्रावरून काढून स्टोअरला बसवलं होतं. तिथं कुणी त्यांना विचारत नव्हतं. इथं त्यांना ब्रदर म्हणून हाक मारायचे, सल्ला विचारायचे. शेवटी ते म्हणाले, "अगं, ओठ तरी हलव की. आत काय म्हणतीस ते कोण बघतंय?"

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, खरंच, कोण बघतंय? आणि तिथंच माझी चूक झाली. मला वाटलं, ओठ त्यांना देऊन टाकावेत आणि आतलं आपलं आपल्याकडं ठेवावं. पण ओठांनी म्हणायचं काय? माझी खरी प्रार्थना ओठांवर आणली असती तर ती त्या गोंधळात बाटली असती, म्हणून मी तिच्याशी काही संबंध नसलेलं काहीतरी शोधलं. सहावीच्या वर्गात तेव्हा मी पाढे पक्के करून घेत होते. रविवारी हात वर केले, डोळे घट्ट मिटले आणि सुरू केलं: एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. त्या आवाजात शेजारचीलाही ऐकू जायची सोय नव्हती, ओठ तेवढे दिसत होते. एकोणतीसचा पाढा अवघडच. सातीला पोचेपर्यंत माझ्या कपाळाला आठ्या पडल्या आणि घाम आला.

प्रार्थना संपल्यावर पास्टरांच्या पत्नीनं मला मिठी मारली. आज तुमच्यावर आत्मा उतरला होता, म्हणाली, चेहऱ्यावरच दिसत होतं. म्हातारी सगळ्यांना सांगत सुटली, "कुलूप निघालं बगा बाईंचं. मी म्हनतच हुतो." स्कूटरवर मी नवऱ्याच्या पाठीशी तोंड लपवून इतकी हसले की त्यांनी गाडी कडेला घेतली. काय झालं ते सांगितल्यावर तेही हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, हे कुणाला सांगू नकोस. महिन्याभरात ते वडील झाले.

तीन वर्षं मी पाढे म्हटले. एकोणतीसचा तोंडपाठ झाल्यावर आठ्या पडेनात, म्हणून एकोणचाळीसचा घेतला, मग एकोणपन्नासचा. बायकांच्या सभेत सुरुवातीची प्रार्थनाही माझ्याकडं आली. ती मोठ्यानं म्हणायला लागायची, तिथं पाढे चालणार नव्हते. तेही अवघड नव्हतं. सहा-सात वाक्यं असतात, तीच उलटसुलट जोडायची आणि शेवटून दुसऱ्या वाक्याला आवाज थोडा कापरा करायचा. माझी प्रार्थना फार मनापासून असते, असं बायका म्हणायला लागल्या. मी मनातल्या मनात त्यांना हसत होते. फसवतेय ती मी, असं मला वाटत होतं.

गेल्या वर्षी मंडळीतल्या एका घरात नवी सून आली. पन्हाळ्याला तालुक्याच्या कचेरीत नोकरी, रोज एसटीनं घाट चढून जायची. माहेर बौद्ध. तिनं स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला होता, कुणी ओढून आणली नव्हती. पहिल्याच रविवारी सगळे हात वर करून उभे असताना ती खुर्चीवर बसून राहिली. हात मांडीवर, डोळे मिटलेले, चेहरा अगदी सैल. ते बसणं मी लांबूनही ओळखलं. आणि खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटला.

बायकांत लगेच कुजबुज झाली. माहेरची सवय आहे, अजून गेली नाही, म्हणाल्या. तिला समजावायचं काम माझ्यावर आलं, कारण मी वडिलांची बायको आणि शिवाय स्वतः त्यातून सुटलेली. नाही म्हणायला पाहिजे होतं. मी म्हटलं नाही. उपासना सुटल्यावर जिन्यात तिला गाठलं, आधी नोकरीचं विचारलं, घाटातल्या गाडीचं विचारलं, आणि मग म्हणाले, "बाळा, ओठ तरी हलव. आत काय म्हणतेस ते कोण बघतंय?"

नवऱ्याचं वाक्य माझ्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं. तिला राग आला नाही. तिनं विचारलं, "तुम्ही काय म्हणता काकू, तेव्हा?"

वर-खाली कुणी नाही असं बघून मी तिला खरं सांगितलं. कठड्याला टेकून ती पोट धरधरून हसली, मलाही बरं वाटलं, तीन वर्षांत पहिल्यांदा कुणापाशी तरी मोकळी झाले होते. मग हसू ओसरल्यावर तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "मग देवाशी कधी बोलता?"

घरी, सकाळी, असं मी म्हणाले. ते खोटं होतं. स्कूटरवर मागं बसून मी आठवायला लागले की शेवटचं कधी. कुकर तर रोज लागत होता. पण त्या वेळी मी गुरुवारची वाक्यं जुळवत असायचे, नाहीतर फोन बघत असायचे. कधीपासून, ते आठवेना. ओठ त्यांना दिले आणि आतलं आपल्याकडं ठेवलं, असं मी धरून चालले होते. आत काही शिल्लक आहे का, हे तीन वर्षांत एकदाही उघडून बघितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. सगळे उभे राहिले, आम्ही दोघी बसून राहिलो. मी तोंड मिटलं, हात मांडीवर ठेवले. समोर वडिलांच्या रांगेतून नवरा बघत होता, पास्टरही बघत होते. मी डोळे मिटून वाट बघितली. वीस मिनिटं. काही आलं नाही. कुणी ऐकतंय असंही वाटलं नाही. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न एवढंच सारखं जिभेवर यायला बघत होतं, ते मी दाबत राहिले. शेजारी ती पोर शांत बसली होती. मला पास्टरांचा राग आला, त्यांच्या पत्नीचा आला, डोक्यावरच्या त्या सात हातांचा आला. सगळ्यात जास्त माझा आला, कारण माझं तोंड कुणी जबरदस्तीनं उघडलं नव्हतं.

खाली आल्यावर नवऱ्यानं स्कूटर चालू केली नाही. चावी हातात धरून उभे राहिले. आज काय झालं, म्हणाले, पास्टर विचारत होते.

"प्रार्थना करायला बसले होते," मी म्हणाले. "आली नाही."

मी म्हटलं की तुमच्या वडीलपणाचं जे व्हायचं ते होऊ दे, पुढच्या रविवारीही मी अशीच बसणार आहे.

"आणि तेव्हाही आली नाही तर?"

"तर नुसती बसेन," मी म्हणाले. "पण ओठ हलवणार नाही."