तेरानंतर पंधरा

“नाव राहू दे पटावर. पोरगी राहू दे घरी.”

बाई हे भर पालकसभेत बोलल्या. माझी लेक दुसरीत आहे. स्वमग्न आहे. ऐकलेलं त्याच आवाजात परत बोलते. सभेत बाई म्हणाल्या, शांत बसा. हीसुद्धा म्हणाली, शांत बसा. हुबेहूब. मागून कोणीतरी म्हणालं, टेप लागली. लोक हसले. बाईंचा चेहरा पडला, आणि मग ते वाक्य आलं.

नाव कशाला हवं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पट घटला की शाळेतला एक शिक्षक कमी होतो.

आणि मी काय केलं? वाकून बाईंच्या पाया पडले. वलगावच्या भाजीवाल्या घरातली मी पहिली पदवीधर. कॉलेजचा फॉर्म याच बाईंनी भरून दिला होता. तोंडातून निघालं, “बरं, बाई.”

लेक घरी राहिली. पण साडेदहा वाजले की गणवेश घालून ओसरीवर बसायची. बाईंच्या आवाजात हजेरी घ्यायची. नंबर, नाव, हजर. तेरानंतर थेट पंधरा. चौदा नंबर तिचाच. तीन दिवस ऐकलं. तिन्ही दिवस तेच. ती पदरचं काही घालत नाही. म्हणजे ती वर्गात बसलेली असतानाच बाई तिचं नाव गाळत होत्या. वहीत हजर. तोंडात नाही.

माय सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. तिला रडत सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

“बाईनं तुले शिकवलं ना? मंग बाईले सांगाले काहून भेतं?”

दुसऱ्या दिवशी लेकीला वर्गात तिच्या जागेवर बसवलं. मी दारात उभी राहिले. बाई तेरावर आल्या. मग पंधरा म्हणाल्या.

“बाई, चौदा.”

बाईंनी चष्मा काढला. “मी शिकवलं तुले. आता तू मले शिकवतं?”

“हो, बाई.”

बाईंनी हजेरी मिटली. ते नाव घेतलंच नाही. मीही शाळा सुटेपर्यंत हलले नाही.

मग लेकीचं नाव हजेरीत घ्यावं, असा शाळेत लेखी अर्ज दिला. अजून उत्तर नाही. मी रोज दारात असते. बाई माझ्याकडे बघत नाहीत.

उपकार माझ्यावर आहेत. ते माझी पोर फेडणार नाही.