गुलमंडीच्या माळ्यावर पासवर्ड कोणी टाकला?

भूत, आत्मा, संकेत... यातलं मी कधीच काही मानलं नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. एखादी गोष्ट का अडली त्याचं कारण शोधणं हे माझं रोजचं काम. चारचौघांत बोलायचीही मला सवय नाही, आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असल्यामुळे मराठी लिहायला वेळ लागतो. तरी लिहिते आहे, कारण या एका गोष्टीचं कारण मला सापडलेलं नाही.

आम्ही राहतो उस्मानपुऱ्यात. गुलमंडीत आमचं शेरवानी शिवायचं दुकान आहे. बाबा कापड कापायचे, सलीमचाचा शिवायचे. बाबांची कटिंगची पद्धत त्यांची स्वतःची होती आणि ती त्यांनी कुणालाच दाखवली नव्हती. त्यांनी कात्री उचलली की चाचा आपण होऊन भिंतीकडे तोंड करून बसायचे. रीतच होती ती. घरातही तसंच... कुणी मोबाईलचा पासवर्ड टाकू लागलं की बाकीच्यांनी मान फिरवायची.

गेल्या वर्षी बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून त्यांनी सगळी कटिंग बोलून रेकॉर्ड केली, आईसाठी, आणि मला म्हणाले, याला कुलूप लावून दे. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत तो फक्त "पासवर्ड:" विचारतो. आपण टाइप करतो ते दिसत नाही. स्टारसुद्धा उमटत नाहीत, कारण स्टार मोजून लांबी कळते. प्रोग्राम सुरू करायच्या कमांडच्याच ओळीत पासवर्ड लिहिला तर तो हिस्टरीत, म्हणजे जुन्या कमांडच्या यादीत, राहतो, म्हणून ती सोय ठेवली नाही. काम झालं की मेमरीतूनही तो पुसला जातो.

"हा तर माझ्यापेक्षा पक्का हाय," बाबा खूश होऊन म्हणाले. त्यांनी पासवर्ड टाकला तेव्हा मी अर्थातच मान फिरवली होती. ऑपरेशन झाल्यावर तेच उघडून देणार होते.

ते दवाखान्यातून परत आले नाहीत.

मग मी सुचेल ते टाकून पाहिलं. नावं, वाढदिवस, स्कूटरचा नंबर... काहीच चाललं नाही. आईला शिवण येतं, पण शेरवानी कापणं वेगळं. चाचांनीही हात जोडले. "भाभी, सीने का बोलो, रात भर सीतूं. काटने का नक्को बोलो मेरे कू." शेवटी आईने दुकान दुसऱ्याला द्यायचं कबूल केलं. सोमवारी किल्ल्या द्यायच्या होत्या.

त्याआधीच्या शुक्रवारी दुपारी आम्ही दोघी दुकानाचा माळा आवरत होतो. चाचा जुम्याच्या नमाजला गेले होते, मशीन बंद, शटर अर्धं खाली. आई म्हणाली, एकदा मी टाकून बघते. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला, प्रोग्राम सुरू केला आणि सवयीने रस्त्याकडच्या खिडकीकडे तोंड केलं.

मागे कीबोर्ड वाजला. एका बोटाने, सावकाश... मध्ये एकदा थांबून... आणि मग एंटर जोरात. बाबा असाच एंटर मारायचे — मी त्यांना त्यावरून किती वेळा टोकलं होतं.

मी वळले. फाईल उघडली होती. रेकॉर्डिंग्जची नावं ओळीने दिसत होती. आणि आई टेबलाजवळ नव्हतीच. ती पार जिन्यापाशी पिशवीत चष्मा शोधत होती.

"आई, काय टाकलंस?"

"मी कुठं हात लावला अजून? तूच टाइप करत व्हतीस ना?"

आवाज तिनेही ऐकला होता. तिला वाटलं मी, मला वाटलं ती.

मी पहिलं रेकॉर्डिंग लावलं. बाबा खाकरले, आणि म्हणाले, "हां, तर पहिलं खांदा बघायचा. छाती नंतर." आई रडली नाही. तिने खडू उचलला आणि टेबलावर आखायला लागली. चाचा कधी येऊन जिन्यात उभे राहिले ते कळलंच नाही. तिथूनच म्हणाले, "भाभी, वो दुकान लेनेवाले कू फोन करो. नक्को बोल दो."

आईने फोन केला.

नंतर मी सगळं तपासलं. पासवर्ड कुठेही साठवलेला नाही. नुसतं एंटर मारलं तर नकार येतो. रेकॉर्डिंग्जची कॉपी मी त्याच दिवशी करून ठेवली. कुलूपबंद फाईल मात्र पुन्हा उघडलेली नाही. काय टाइप झालं होतं हे कळायचा एकही मार्ग नाही, कारण तो राहू नये याची काळजी मीच घेतली होती.

आई आता रोज दुकानात जाते. पहिल्या शेरवानीची बाही आखूड झाली, ती चाचांनी कशीबशी सांभाळून घेतली. दुसरी नीट बसली. कुणाला याचं काही कारण सुचलं तर जरूर कळवा, मी तपासून बघेन. आईला विचारलं तर ती म्हणते, "उघडलं ना? मग मापाची टेप धर इकडं."