मधली पायरी

कुणाच्याही घरी जुनी खुर्ची दिसली की आमचे भाऊ तिच्या बैठकीवर बोटाच्या पेराने वाजवून पाहत. "आधी टकटक, मग बैठक!" आवाज पोकळ आला, तर तासभर उभे राहतील, पण बसणार नाहीत.

मंडळी, माणूस वेडा नव्हता. लंडनजवळच्या इल्फर्डमधल्या एका लिलावघरात त्यांनी तीस वर्षं जुनं फर्निचर हलवलं होतं. "नळ यायच्या आधी हे साहेबलोक कुठे जायचे? कुठेच नाही! खुर्चीतच शौचाचं भांडं लपवायचे. कपाटाला खोटे ड्रॉवर, आत भांडं. माणसावर ठेव विश्वास, महोगनीवर ठेवू नकोस."

माझ्या सोफ्याखालीही त्यांनी वाकून पाहिलं होतं.

"अहो भाऊ, गेल्या आठवड्यात खोक्यातून आलाय!"

"असं सगळेच म्हणतात."

एका गणेशचतुर्थीला आम्ही शेजारच्या काकूंकडे आरतीला गेलो. काका जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी कार बूट सेलमधून, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजारातून, आणलेल्या तीन लाकडी पायऱ्यांवर काकूंनी आरास मांडली होती. वर गणपती, मध्ये फुलांची परडी, खाली समई.

"उंच पलंगावर चढायच्या पायऱ्या आहेत म्हणे," काकू कौतुकाने म्हणाल्या. "ह्यांची शेवटची खरेदी."

भाऊंच्या भुवया वर गेल्या. ते नमस्काराला वाकले आणि मधल्या पायरीवर टकटक! पोकळ. खोटं कशाला सांगू, मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत होतो. आता उडणार धमाल!

"काय हो भाऊ, काही खोट आहे का?" काकूंच्या हातातलं निरांजन थांबलं होतं.

"छे! अस्सल माल," भाऊ म्हणाले. "फक्त मधली जरा डगमगते."

बाहेर पडल्यावर मी त्यांना गाठलं. "भाऊ, आत भांड्याची जागा आहे ना?"

"आहे. ती पायरी पुढे सरकते आणि झाकण उघडतं. वहिनींना कळलं, तर नवऱ्याची शेवटची वस्तू त्या घराबाहेर काढतील. तू तोंड उघडलंस तर जन्मभर तुझ्यावर संशय घेईन."

"आत्ताही घेताच की!"

विसर्जनानंतर भाऊ स्क्रूड्रायव्हर घेऊन गेले आणि काकूंचा चहा होईपर्यंत मधली पायरी दोन लांब स्क्रूंनी कायमची बंद करून आले.

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. यंदा आरास करायला मी मदतीला होतो. मधली पायरी पुसता पुसता काकू म्हणाल्या, "ह्यांचा चष्मा आतच राहिला रे."

मी गारच पडलो. "आत? म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"न असायला काय झालं? आणली त्याच दिवशी ह्यांनी उघडून दाखवली होती. भांडं नव्हतंच. किती हसलो होतो आम्ही! मग घासूनपुसून गंगाजळ शिंपडलं. हे गेल्यावर मी चष्मा ठेवला तिथे."

"मग भाऊंना अडवलं का नाही?"

"मी चहा घेऊन आले तेव्हा स्क्रू बसलेसुद्धा होते. भाऊ घाम पुसत उभे. इतकं समाधानी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं."

"आता काढून देऊ?"

काकूंनी परडी उचलून त्या पायरीवर ठेवली.

"नको. राहू दे तसंच."