सुमनची नायलॉनची साडी

भर मांडवात सुमन कोसळली आणि तिचे डोळे फिरले. अंग तव्यासारखं तापलेलं. बायका ओरडल्या, "देवी आली! नवरीच्या अंगात देवी आली!" पाणी कोणी देईना. उलट कुंकू लावून पाया पडायला गर्दी झाली आणि होता तो वाराही अडला.

सुमन माझी धाकटी बहीण. पनवेलजवळच्या आमच्या गावात वैशाखातल्या दुपारी तिचं लग्न होतं. आईनं पिवळं सुती लुगडं काढून ठेवलं होतं. मीच हट्टानं मुंबईहून आणलेली नायलॉनची साडी नेसवली, वर मखमलीची चोळी. सासरच्यांनी गावंढळ म्हणू नये, एवढीच माझी अक्कल.

लग्न लावणारी म्हातारी धवलारीण गाणं थांबवून उठली. तिनं सुमनच्या कमरेला हात लावला.

"अगो, देवी नाय, नायलॉन हाय! पाया काय पडताव, सोडा ती साडी!"

आम्ही चौघींनी चादर आडवी धरली. साडी अंगावरून सोलून काढावी लागली. आईनं लुगडं माठात बुडवून तिला गुंडाळलं. बऱ्याच वेळानं सुमननं डोळे उघडले. "ताई, नवरा हाय ना अजून?"

परवा माझ्या नातीनं स्वतःच्या लग्नासाठी घेतलेली साडी दाखवली. बोटांना तसंच गुळगुळीत लागलं. तेव्हा मांडवात बहीण मरायला टेकली होती आणि मला साडी फाटायची धास्ती होती. आज लाज वाटते.

सुमन वाचली. उरणला असते. काल फोनवर माझ्याशी भांडली.