दुपारच्या मॅचचे हक्क

कबड्डी मंडळाचा सेक्रेटरी होऊन मला इतकी वर्षं झाली की आता कंटाळ्याचाही कंटाळा येतो. मांडव, पाणी, पंचांचं जेवण, सगळं माझ्याच गळ्यात. यंदा त्यात एका कागदाची भर पडली: सामने मोबाईलवर लाइव्ह दाखवायचे हक्क.

हक्क घ्यायला रत्नागिरीतलाच एक माणूस आला होता, बोलायला गोड. "काका, मैदानात किती माणसं बसतात त्याच्याशी मला काय करायचंय? मुंबईत, दुबईत किती जण फोन उघडून बसतील ते सांगा." म्हणजे ज्या वाडीची माणसं लांब, तिची मॅच महाग. संध्याकाळची महाग, दुपारची कवडीमोल. मुलींच्या मॅचेस तर त्याने यादीतून वाचल्याही नाहीत. मंडळाला पत्र्याची शेड हवी होती, म्हणून मी भाव वाढवून मागत राहिलो. शेवटी तो म्हणाला, "देतो. पण मैदानातून दुसऱ्या कुणी काही दाखवायचं नाही. चार फोनांवर फुकट दिसायला लागलं तर मला कोण विचारतो?" मला पटलं. सही ठोकून मोकळा झालो.

माझा थोरला भाऊ पावसला घरी खाटेवर पडून आहे, खुब्याचं हाड मोडल्यापासून. एके काळी त्याची चढाई बघायला लोक राजापुराहून यायचे. त्याची मुलगी आमच्या वाडीच्या संघातून खेळते, त्यानेच शिकवलेली. तिची सेमीफायनल लागली भर दुपारी, म्हणजे कॅमेरा नाही. दादाने सकाळीच फोन केला, "व्हिडिओ कॉल लाव रे. एवढी एक मॅच दाखव."

त्या माणसाला जाऊन विचारलं. तो जेवत होता. "काका, भाव तुम्हीच वाढवलात ना? तो त्या अटीचाच भाव आहे." राग आला, पण त्याचं काय चुकलं? माईकवरून सगळ्यांना फोन खिशात ठेवायला मीच सांगितलं होतं. आता कुठल्या तोंडाने वर धरणार?

दादाला म्हटलं, रेकॉर्डिंग करून मागाहून दाखवतो. "निकाल कळल्यावर काय बघायचंय, डोंबल?" तो म्हणाला.

मग साधा फोन लावला आणि मैदानाच्या कडेला उभा राहून जे दिसेल ते सांगत सुटलो. बोलण्याबद्दल कागदात काही नव्हतं. डोक्यावर ऊन, घशाला कोरड. आमचा गुण झाला की ढोल वाजायचा, तो दादाला ऐकू जायचा. "घाई करते का रे ती?" एवढंच मधे मधे विचारायचा.

शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणाने मागे होतो. पोरीने दोघींना शिवलं आणि मागे वळली. मध्यरेषेजवळ चौघींनी तिला दाबली. हात लांब केला तिने, पण पोचला नाही.

"सुटली, दादा. जिंकलो," मी म्हणालो. कसं तोंडातून गेलं, देव जाणे.

मग दादा म्हणाला, "ढोल कुठे वाजतोय?"

मला लाज वाटली.

"किती राहिलं होतं?"

"चार बोटं."

"बरं," तो म्हणाला. "आता परत सांग. ती चढाईला निघाली तिथपासून. सावकाश सांग."