लेलंड फॉस्नॉटची अँब्युलन्स आणि ग्लेंडाचं उलथणं

ग्लेंडा ओबरहोल्टने लेलंड फॉस्नॉटला पहिल्यांदा पाहिलं आणि पुढच्याच मिनिटाला त्याला स्ट्रेचरला बांधून टाकलं.

यात तिची काही चूक नव्हती. ओहायोतल्या क्लोव्हर फोर्कसारख्या गावात हेलिकॉप्टर उतरतं ते कुणाचं तरी फार वाईट झालं म्हणूनच. त्या दिवशी ते शाळेच्या फुटबॉल मैदानावर उतरलं तेव्हा असा काही वारा सुटला की बँडवाल्या पोरांच्या टोप्या पलीकडच्या जिल्ह्यात सापडल्या, मेथडिस्ट चर्चच्या बायकांनी विक्रीला मांडलेले केक गावाने तोंडाने न खाता अंगावर घेतले, आणि म्हाताऱ्या पाद्रीबाबांचा केसांचा टोप उडून गोलपोस्टवर जाऊन बसला. या सगळ्या धुरळ्यातून एक उंच, पांढराफटक माणूस छाती धरून वाकून पळत आला. तो टाय उडू नये म्हणून छाती धरतोय, हे ग्लेंडाला कळायला काही मार्ग नव्हता.

"अहो, माझं जरा ऐका—"

"बोलू नका. बोलण्यात शक्ती जाते."

"मी लेलंड—"

"नाव नंतर. सकाळपासून काय काय खाल्लंत?"

दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळून ती फुगा दाबायला लागली. पट्ट्यातून फुस्स फुस्स आवाज यायला लागला.

"हे तुमचं यंत्र गळतंय," आडवा पडलेला माणूस म्हणाला.

"माझ्या लग्नाच्या आधीपासून गळतंय. तुम्ही तुमचं बघा."

एवढ्यात फायर चीफ कर्टिस बीम धापा टाकत आला. "ग्लेंडा, अगं सोड त्यांना. ते मिस्टर फॉस्नॉट आहेत. मैदानाला नवा स्कोअरबोर्ड दिलाय ना, त्याचं उद्‌घाटन करायला आलेत."

लेलंड फॉस्नॉट हा क्लोव्हर फोर्कमध्ये जन्मून अब्जाधीश झालेला एकुलता एक माणूस. मांजरांनी घरात ज्या वाळूवर बसायचं ती वाळू विकून त्याने एवढा पैसा केला होता की गावातल्या कुणालाही मांजराकडे पूर्वीच्या नजरेने बघता येईना. तो स्ट्रेचरवर पडल्या पडल्याच हसायला लागला. पट्टे सोडेपर्यंत त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. उठून बसला आणि म्हणाला, "गावात आल्यावर माझ्या जिवाची काळजी करणारी या पहिल्याच. बाकी सगळे माझ्या तब्येतीची चौकशी करतात आणि छताचं अंदाजपत्रक पुढे करतात. या बाईंना मी नवी अँब्युलन्स देतो. अँब्युलन्स काय, अख्खं स्टेशन देतो."

गावाने टाळ्या वाजवल्या. ग्लेंडा मात्र गळका पट्टा गुंडाळता गुंडाळता काळजीत पडली.

तशी ती कशानेही काळजीत पडायची. गावाने तिला अँब्युलन्स चालवायला दिली होती आणि सगळ्यांच्या वाटची काळजीही तिच्याकडेच सोपवली होती. लग्नाला गेली की नवरीच्या आधी ती बाहेर पडायचं दार बघून ठेवी. द्राक्षं घशात अडकतात म्हणून नवऱ्यालाही अर्धी कापून देई. नवरा मर्ल म्हणजे ट्रॅक्टरचे सुटे भाग विकून निवृत्त झालेला, भारदस्त पोटाचा, शांत माणूस. तो ती अर्धी द्राक्षं मुकाट्याने खाई आणि म्हणे, "माझ्यासाठी हिने हार्ट अ‍ॅटॅकसुद्धा आधीच काळजी करून राखून ठेवलाय. मला नुसतं जाऊन तो घ्यायचाय."

अँब्युलन्स आजवर चालत आली होती ती पट्टीवर. घराघरावर अँब्युलन्सपुरती एक लहानशी करपट्टी असे आणि दर पाच वर्षांनी गावाने मत देऊन ती चालू ठेवायची, असा रिवाज. त्या मतदानाच्या आधी, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, फायर स्टेशनात पॅनकेकची न्याहारी होई. आग विझवणारे गडी ती गोड धिरडी घालत, निम्मी जाळत, आणि गाव मेपलच्या पाकात बुडवून जळकी बाजू खाली दडवून खाई. मग ग्लेंडा हातातलं उलथणं उंच करून भाषण ठोके, आणि तेही दरवेळी तेच: "मंडळी, ही गाडी तुमची आहे. तुम्ही पैसे दिलेत म्हणून ती येते. नोव्हेंबरात विसरलात, तर पडल्या पडल्या मला हाका मारू नका." लोक हसत, घरी जात आणि हो म्हणून मत देत. मतदानात पट्टी कधीच हरली नव्हती.

नवं स्टेशन झालं. काचेचं, आपोआप उघडणाऱ्या दारांचं, वर फॉस्नॉटचं नाव. नवी अँब्युलन्स इतकी देखणी होती की ग्लेंडा पहिला आठवडा तिच्यात बसताना बूट काढत होती. आणि फेब्रुवारीत मर्लने अंगणातला बर्फ उपसता उपसता फावडं खाली ठेवलं आणि त्याच्यावरच आडवा झाला. गाडीतल्या नव्या यंत्राने दोन धक्के दिले आणि मर्लचं हृदय पुन्हा चालू झालं. जुन्या गाडीत तसलं यंत्रच नव्हतं. आपला नवरा मांजरांच्या वाळूवर जगलाय, हे ग्लेंडाला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने फॉस्नॉटला भोपळ्याचा केक पाठवला. वाटेत तो खराब झाला असेल का, याची काळजी तिला वसंत ऋतू संपेपर्यंत पुरली.

पण मर्ल वाचला आणि तिची खरी काळजी सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुन्हा होऊ शकतं. आणि ते वर्ष पट्टीच्या मतदानाचं होतं.

"कर्टिस, स्टेशनचा खर्च मिस्टर फॉस्नॉट किती वर्षं देणार आहेत?" तिने चीफला विचारलं.

"अगं, तो आपल्या गावचा माणूस आहे."

"मी गाव नाही विचारलं, वर्षं विचारली."

"तुला ना, स्वर्गात नेलं तरी तिथलं छत गळतंय का ते बघशील," कर्टिस म्हणाला आणि नव्या कॉफीच्या यंत्रापाशी गेला. त्या यंत्रातून फेसाळ कॉफी येई आणि कर्टिस आता दिवसाकाठी ती इतकी पीत होता की आग लागली नसतानाही तो धावतच असे.

ऑक्टोबर आला. या वेळची न्याहारीही फॉस्नॉटच्या दानधर्माच्या संस्थेकडून होती. कोलंबस शहरातून उंच पांढऱ्या टोप्यांचे आचारी आले. पॅनकेक नव्हतेच, फुलांच्या आकारात कापलेली फळं होती, फ्रान्समधले कुरकुरीत पाव होते. आगवाले गडी खिशात हात घालून भिंतीला टेकून उभे होते, आपल्याच लग्नात आगंतुक असल्यासारखे. ग्लेंडाने आचाऱ्याकडे एखादं उलथणं मागितलं. त्याने अदबीने विचारलं, "बाई, कशासाठी हवंय?" तिला सांगता येईना.

संस्थेची एक चुणचुणीत मुलगी, ब्रिन, सगळ्यांशी हात मिळवत फिरत होती. ग्लेंडाने तिला कोपऱ्यात गाठलं.

"बाळ, हे स्टेशन तुम्ही पुढेही चालवणार ना?"

"मिस्टर फॉस्नॉट यांचा जीव आहे या स्टेशनवर," ब्रिन गोड हसून म्हणाली. "आम्ही अर्थात दर दोन वर्षांनी आमची दिशा नव्याने ठरवतो. जिथे सर्वांत जास्त भलं होईल, तिथे."

ग्लेंडाने हातातली बशी खाली ठेवली. दिशा. म्हणजे ही गाडी उद्या दुसऱ्या दिशेला जाऊ शकते. आज सांगायलाच हवं, सगळ्यांसमोर: देणाऱ्याचं भलं होवो, पण पट्टी चालू ठेवा.

कर्टिसने टाळ्या वाजवून शांतता केली. "आता ग्लेंडा दोन शब्द बोलेल. नेहमीचेच."

ती उभी राहिली. समोर पहिल्या टेबलाशी लेलंड फॉस्नॉट बसला होता आणि त्याने शेजारच्या मर्लच्या खांद्यावर हात टाकला होता. मर्ल गुबगुबीत, लालबुंद, जिवंत, तोंडाला पावाचा चुरा लागलेला. ज्याच्या पैशाने हा माणूस समोर बसलाय, त्याच्याच तोंडावर म्हणायचं की याच्यावर विसंबू नका? उलथणं हातात असतं तर कदाचित तोंडून निघालंही असतं. हात रिकामे होते. ते कुठे ठेवावेत हेच तिला कळेना.

"मिस्टर फॉस्नॉट," ती म्हणाली, "तुमचे आभार कसे मानावेत..." आणि तिला रडू आलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. फॉस्नॉटनेही डोळे पुसले. तो ढोंगी नव्हता, हीच तर पंचाईत होती.

बाहेर पडताना शेजारची आर्लीन कुरकुरीत पाव पर्समध्ये कोंबत म्हणाली, "किती छान बोललीस गं. पट्टीचं तेवढं काढलं नाहीस ते बरं केलंस. आता कशाला लागतेय ती?"

"लागते, आर्लीन."

"मग तिथे का नाही बोललीस?"

पुढचे दिवस ग्लेंडा दारोदार फिरली. लोक प्रेमाने आत घेत, कॉफी देत, मर्लची चौकशी करत आणि म्हणत, "तू रडलीस ना, तेव्हा आम्हालाही भरून आलं." पट्टीचा विषय काढला की ते तिला पाठीवर थोपटत, दमलेल्या माणसाला थोपटावं तसं.

नोव्हेंबरच्या मतदानात पट्टी हरली आणि बंद झाली. निकाल रेडिओवर ऐकून ग्लेंडाने तो बंद केला आणि मर्लकडे बघितलं. मर्ल चष्मा पुसायला लागला.

"मर्ल."

"मला वाटलं, बाकीचे हो म्हणून मत देतील," मर्ल म्हणाला. "तेवढेच आपले शंभरेक डॉलर वाचतील म्हटलं. तुला नवा कोट घ्यायचा होता ना."

ग्लेंडाने द्राक्षांचं भांडं पुढे ओढलं आणि ती कापायला बसली. अर्धी झाल्यावर तिने त्या अर्ध्यांचेही तुकडे केले.

त्यानंतरच्या वसंतात संस्थेची दिशा ठरली. ती समुद्री कासवांकडे वळली. ओहायोला समुद्र नाही. कासवांनाही जगायचं असतंच, हे ग्लेंडालाही पटत होतं; मर्लच्या शेजारी कासव ठेवून एक निवडायला तिला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. स्टेशनचा खर्च बंद होणार हे संस्थेने सहा महिने आधी कळवलं, सुंदर पत्र पाठवलं, सोबत फळांची टोपली.

गावाने घाईघाईने पुन्हा मत घेतलं. पण एकदा बंद पडलेली पट्टी चालू ठेवता येत नाही, नवी लावावी लागते, आणि नवा कर म्हटल्यावर क्लोव्हर फोर्कचा माणूस स्वतःच्या आईलाही नाही म्हणेल. त्या वेळी ग्लेंडाने चांगले जळके पॅनकेक घातले, उलथणं उंच करून भाषण केलं. खायला निम्मं गावही आलं नव्हतं. मधल्या काळात लोकांची सवय गेली होती, आणि नवी पट्टीही नामंजूर झाली.

त्या हिवाळ्यात ग्लेंडाने आपली मोटार अंगणात रस्त्याकडे तोंड करून ठेवायला सुरुवात केली. मर्ल जिना चढला तरी ती किल्ली हातात घेई. शेवटी मर्लच म्हणाला, "तू अशी बघतेस की मला श्वास घ्यायला लाज वाटते." वसंतात त्यांनी घर विकलं आणि कोलंबसला हॉस्पिटलसमोरच्या दोन खोल्यांत राहायला गेले.

स्टेशनच्या इमारतीत हल्ली कुत्र्यांना अंघोळ घालून देतात. फॉस्नॉटचं नाव दारावर आहे, कारण करारात ते पन्नास वर्षं ठेवायचं आहे. अँब्युलन्स शेजारच्या जिल्ह्यातून येते, त्यांची मोकळी असली तर.