ळ येणाऱ्यांचा संघ

इंग्लंडकडून खेळणाऱ्या, पण जन्मानं दुसऱ्याच देशाच्या असलेल्या एखाद्या फलंदाजानं शतक ठोकलं, की विश्वासराव बेडगे टीव्ही बंद करायचे. "भाड्याचं शतक!" असं म्हणून रिमोट सोफ्याच्या फटीत असा खुपसायचे की शैलजा, त्यांची बायको, पुढं कितीतरी वेळ तो शोधत बसायची. चंदीगडच्या सेक्टर २२ मध्ये आम्ही त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे वरचा आवाज एकदम थांबला की काय झालं असेल ते आम्हाला कळायचं.

माणूस मिरजेचा. हवाई दलात विमानांची इंजिनं दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेली आणि एक कानही गेला. शेवटची बदली चंदीगडला झाली. मुलगा शिशिर इथल्या शाळेत रमला होता म्हणून निवृत्तीनंतर इथंच राहिले आणि आयटी पार्कमधल्या एका कंपनीत सुरक्षा सुपरवायझर झाले. त्यांचं एक मत होतं आणि ते कुणी विचारायच्या आत सांगायचे. देशाच्या संघात देशाचीच माणसं हवीत, बाहेरून आणलेली नकोत. मी एकदा चिडून म्हटलं, "भाऊजी, जन्म तुमचा मिरजेचा, पाणी पिता चंदीगडचं. मग तुम्ही कुठले?"

"मी कुठं पंजाबकडून खेळायला निघालोय, वहिनी?"

या माणसाशी वाद म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. तरी मी घालायचे, कारण माझाही स्वभाव काही फार गरीब नाही.

तर आमच्या गावात दर हिवाळ्याच्या शेवटी, धुकं सरलं की, परप्रांतीय मंडळांची क्रिकेट स्पर्धा असते. बंगाली, मल्याळी, तमिळ, आम्ही मराठी. नावाला मैत्रीपूर्ण, पण त्या आठवड्यात माणसं एकमेकांशी धड बोलत नाहीत. बंगाल्यांनी लागोपाठ चषक नेला, कारण त्यांच्या संघात मनप्रीत नावाचा एक उंचपुरा बंगाली होता. मल्याळ्यांकडेही असाच एक पगडीवाला मल्याळी आला. मग आमचे डॉक्टर गोपीनाथ, मोठ्या इस्पितळातले, मूळचे वर्ध्याचे, म्हणाले, "आपणच काहून सोवळं पाळायचं? शेजारच्या खरडहून एक पंजाबी पोट्टा आणतो मी."

विश्वासराव उसळले. मंडळाच्या बैठकीत टेबलावर मूठ आपटून म्हणाले, मराठी संघात मराठीच पोरगं खेळेल. आता मराठी कोण, हे ठरवायचं कसं? आडनावावर? अर्ध्या पोरांच्या आया पंजाबी किंवा गढवाली. जन्मगावावर? पोरं सगळी इथलीच. तेव्हा विश्वासरावांनी तोडगा काढला. ज्याला ळ येतो तो मराठी. उत्तरेतल्या माणसाची जीभ तिथं अडखळतेच, म्हणाले. त्यांनी एक वाक्यही रचलं. तळ्याजवळच्या माळ्यानं पिवळी केळी सोलली. शेवटच्या शब्दात मुद्दाम साधा ल ठेवलेला, म्हणजे सरसकट ळ ठोकणारेही सापडावेत. स्वतःच्या हुशारीवर एवढे खूश झाले होते की जिन्यात भेटेल त्याला वाक्य म्हणून दाखवत होते. मी तेव्हाच सांगितलं होतं, हा शुद्ध मूर्खपणा आहे. पण मंडळात माझं कोण ऐकतं.

चाचणी मैदानाच्या कडेला झाली. डॉक्टरांनी आणलेला हरजोत पुढं आला, वाक्य एकदा ऐकलं आणि असं म्हणून दाखवलं की सदाशिव पेठेतल्या मास्तरांनीही मान डोलावली असती. ळ तिथं ळ, ल तिथं ल. विश्वासराव बघतच राहिले. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तेच. हरजोत हसून म्हणाला, "अंकल जी, एह तां साड्डी पंजाबी 'च वी हैगा." इतकी वर्षं पंजाब्यांच्या शेजारात काढून पंजाबीतही ळ आहे हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

मग पाळी आली शिशिरची. डावखुरा फिरकी गोलंदाज, तेव्हा कॉलेजात होता. शहराच्या निवड चाचण्यांतून हात हलवत परत आलेला, त्यामुळे मंडळाचा संघ एवढाच काय तो त्याचा संघ उरला होता. लहानपणापासून तो या संघाच्या बॅटी वाहत आला होता. घरात मराठी समजायची, पण बोलायचा बहुतेक हिंदीत. त्यानं वाक्य म्हटलं, "तल्याजवलच्या माल्यानं पिवली केली सोलली."

सगळे हसले. मीही हसले. आता डॉक्टर विषय मिटवतील, पोरगं आपलंच आहे म्हणतील, असं वाटलं होतं, आणि ते तसं म्हणालेही. शिशिरही हसत होता. पण विश्वासरावांचा चेहरा दगडी झाला. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "माझा मुलगा म्हणून सूट दिली तर उद्या मला तोंड दाखवायला जागा नाही." हरजोत संघात आला आणि शिशिर बाहेर बसला. मला त्या माणसाचा इतका राग आला की मी सामना न बघताच घरी आले. चषक आम्हाला मिळाला, तो हरजोतनं मिळवून दिला. आमच्या विजयाच्या जेवणाला शिशिर आला नाही. त्यानंतर त्याच्या तोंडून मोडकीतोडकी मराठीही कुणी ऐकली नाही.

शिक्षण संपलं तसा तो निघून गेला, युरोपातल्या एका लहानशा थंड देशात, संगणकाच्या नोकरीवर. त्या देशाचं नाव विश्वासरावांना कधी नीट घेता आलं नाही. तिथंही क्रिकेट होतं. एका ओल्या मैदानावर गुजराती दुकानदार, लाहोरचे टॅक्सीवाले आणि श्रीलंकेचे आचारी खेळत, आणि त्यातूनच त्या देशाचा राष्ट्रीय संघ निघत असे. शिशिरच्या फिरकीला तिथं कुणाची बॅट लागेना. पुढं काही वर्षांनी तिथल्या संघवाल्यांनी सुचवलं, आमचा पासपोर्ट घे, संघात तुझी जागा पक्की.

त्यानं वडिलांना फोन केला. विश्वासराव काय म्हणाले ते मला त्यांनीच सांगितलं, आणि तेही ताठ मानेनं. म्हणाले, "पगारी फौजेत जाऊ नकोस." शिशिर म्हणाला, "बाबा, यहाँ मुझसे किसी ने कुछ बुलवाया नहीं."

मला हे सांगताना विश्वासराव जिन्याच्या कठड्यावर हात फिरवत उभे होते.

शिशिरनं पासपोर्ट घेतला. शैलजानं सगळ्या इमारतीत पेढे वाटले. पोराला दुसरा पासपोर्ट मिळाला, असं ती म्हणत होती. आपल्याकडं दोन चालत नाहीत, तिकडचा घेतला की इकडचा जातो, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. विश्वासरावांना ठाऊक होतं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिला सांगू नका, वहिनी." मी मान डोलावली आणि पेढा खाल्ला.

शिशिरचे सामने मोबाइलवर दिसायचे. विश्वासराव बघत नसत, म्हणजे बघत नाही असं म्हणत. शैलजा खाटेवर मोबाइल उशीला टेकवून बसे आणि विश्वासराव पाणी प्यायच्या निमित्तानं सारखे त्या खोलीतून जात. एवढं पाणी पिणारा माणूस मी पाहिला नाही. एकदा शिशिरनं चार बळी घेतले, तेव्हा ते दारातच थांबले आणि शैलजाला म्हणाले, "कॅमेरावाल्याला जरा अक्कल असती तर त्याचं मनगट दाखवलं असतं." मला वाटलं, चला, बर्फ वितळतोय.

गेल्या महिन्यात मी संध्याकाळची वर गेले होते. शिशिरचा फोन आला. विश्वासरावांना ऐकू कमी येतं म्हणून तो नेहमी स्पीकरवर असतो.

"बाबा, टीम से निकाल दिया."

"का? बॉल वळत नाही?"

"नया रूल आया है. अब वही खेलेंगे जो यहाँ पैदा हुए या यहाँ के स्कूल में पढ़े. लोग कह रहे थे, टीम में अपना कोई दिखता ही नहीं."

"पण तू पासपोर्ट घेतलास ना त्यांचा? कायदेशीर आहेस तू! असं कसं काढतील?" विश्वासराव उभे राहिले. "अन्याय आहे हा. इतकी वर्षं घाम गाळला पोरानं, तो काय परका?"

या माणसानं एकदा तरी हा वाद हरावा म्हणून मी किती जीव जाळला होता. आता तो माझ्यासमोर हरला होता आणि मला तिथं बसवत नव्हतं.

"रूल ठीक है, बाबा," शिशिर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, काहीच नव्हतं. "आपका ही तो है."

विश्वासरावांनी दोन्ही हातांनी फोन तोंडाजवळ धरला. "घरी ये," ते म्हणाले. "ऐकतोस ना? सोड ते सगळं आणि घरी ये."

"आऊँगा. वीज़ा निकलवाना पड़ेगा पहले."

फोन ठेवून विश्वासराव भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. शैलजानं माझ्याकडं वळून हलक्या आवाजात विचारलं, "कुठला गं व्हिसा?"

"आपल्याकडं यायचा," मी म्हटलं.